मैलकुली परत द्या: बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

नव्या पुलांच्या मागण्या आपल्याकडे ढिगाने येत असतील. आमचं मागणं त्याहून स्वस्त आहे. आम्हाला मैलकुली परत द्या.

रस्त्याचा ठरावीक तुकडा सांभाळणारा हा खात्याचा माणूस. तो मोऱ्या मोकळ्या करायचा, पुलावरचं पाणी जायची भोकं साफ ठेवायचा, दगडी बांधकामात उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट उपटायचा. पूर ओसरला की खाली उतरून खांबाजवळची माती किती गेली ते बघायचा आणि साहेबांच्या कानावर घालायचा. आमच्या भागातले मैलकुली एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस आला नाही, टेंडर आलं. आता पावसाळ्याच्या तोंडावर टेम्पो येतो, पोरं कठड्याला काळे-पिवळे पट्टे मारतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. गावाजवळच्या कमानी पुलाच्या सांध्यातून पिंपळाचं मनगटाएवढं मूळ बाहेर आलंय, यंदा त्यालाही पट्टा मारलाय. पोरांना काय बोलणार? मूळ काढणं त्यांच्या कामात धरलेलंच नव्हतं.

महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. पुढे नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. मनात आणलं तर यंत्रणा हलते, हे आम्ही पाहिलंय.

आता तर बघण्याचं कामही बाहेर दिलं जातं. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल 14 मार्च 2019 ला कोसळला. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट खासगी सल्लागाराने केलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती पुरेल असा शेरा दिला होता. शेजारच्या गुजरातेत मोरबीचा झुलता पूल सांभाळायला दिला होता घड्याळं बनवणाऱ्या कंपनीकडे! 30 ऑक्टोबर 2022 ला तिथे 135 माणसं गेली.

सल्लागार नकोतच, असं नाही. पाण्याखालचा पाया तपासायला तज्ज्ञ लागणारच. पण त्यांचा अहवाल खरा की खोटा हे ओळखणारा माणूस खात्यात उरायला हवा ना? शाखा अभियंत्याचा दिवस निविदा आणि बिलांत जातो, तो पुलाखाली उतरणार कधी?

आणि यात पैसा वाचतो म्हणावं, तर तेही नाही. मैलकुलीचा पगार वाचला, पण अंदाजपत्रक करणारा एक, ठेका घेणारा दुसरा, प्रत्यक्ष राबणारा पोटठेकेदार तिसरा, तपासणारा चौथा, आणि प्रत्येकाचा नफा वेगळा. 25 टक्के ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढा कमी दर भरून काम घेतलेला ठेकेदार काटकसर करणार कुठे? जिथे कोणी बघत नाही तिथे, म्हणजे पुलाखालीच. वर बिलं थकल्याची त्यांची आंदोलनं आपल्याला ठाऊक आहेतच.

15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चौघांचा जीव गेला. पूल धोक्याचा आहे हे माहीत होतं, फलक होता, नव्या पुलाला मंजुरीही होती. सुट्टीच्या दिवशी गर्दी अडवायला मात्र पुरेशी माणसं नव्हती.

म्हणून सांगतो, मैलकुलींच्या जागा भरा. पुलाच्या देखभालीचं काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या गळ्यात घालू नका. आणि प्रत्येक पुलावर पाटी लावा: शेवटची पाहणी कधी झाली, पुढची कधी, किती वजनाची गाडी चालेल. त्यावर नाव खात्याच्या अभियंत्याचं हवं, एखाद्या कंपनीचं नको.

एवढं सगळं लगेच होणार नाही, कळतं. निदान पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक जुन्या पुलाखाली खात्याचा अभियंता स्वतः उतरेल, असा लेखी आदेश काढा. आमच्या पुलाखाली करवंदीच्या जाळ्या माजल्यात. तारीख कळवा, वाट आम्ही तोडून ठेवतो.

आपला,
महाड तालुक्यातला एक एसटी प्रवासी