कचेरीचे गाव, कंपनीचे गाव

कोलंबस, इंडियाना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

"कंपनी सोडली तर त्या गावात आहे तरी काय?" हा बाबांचा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत निकालात काढण्यासारखा नव्हता, म्हणून सवडीने हे पत्र लिहीत आहे. कोथरूडच्या कारखान्यात उभी नोकरी केलेल्या माणसाला कोलंबस म्हणजे डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्सचे मुख्यालय एवढेच ठाऊक असावे, यात नवल नाही. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली तेव्हापासून तुमच्या पिढीने हे नाव नकाशावर कमी आणि पत्रव्यवहाराच्या कागदांवर जास्त पाहिले. परंतु हे गाव कंपनीपेक्षा ९८ वर्षांनी वडील आहे आणि ते वसले ते इंजिनांसाठी नव्हे, तर कोर्टकचेरीसाठी. माझे तर असे मत झाले आहे की कचेरी येथे आली नसती तर कंपनीही येथे उभी राहिली नसती. ते कसे, हे क्रमाने सांगते.

आधी भूगोल, कारण आईला त्यावाचून पुढचे पटणार नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची राजधानी इंडियानापोलिस, तिच्यापासून साधारण सत्तर किलोमीटर दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटर उंचीवर हे गाव आहे. गावाच्या पश्चिम कडेला फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या मिळतात आणि तेथून पुढे त्या प्रवाहाला व्हाइट नदीचा पूर्व फाटा म्हणतात. हा फाटा पुढे पश्चिम फाट्याला मिळतो, व्हाइट नदी वॉबॅशला, वॉबॅश ओहायोला आणि ओहायो मिसिसिपीला जाऊन मिळते, म्हणजे आमच्या अंगणातले पावसाचे पाणी शेवटी मेक्सिकोच्या आखातात पोचते. हिमयुगातल्या बर्फाच्या वितळलेल्या पाण्याने येथे वाळू आणि खडीचे जाड थर आणून टाकले. त्यामुळे जमीन सपाट आहे, भूजल भरपूर आहे आणि गावाला पिण्याचे पाणी विहिरींतून मिळते. पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटर गेले की मात्र ब्राउन काउंटी या शेजारच्या प्रशासकीय विभागातल्या दाट झाडीच्या टेकड्या सुरू होतात, कारण अखेरच्या हिमथरांची धाव तेथवर पोचलीच नव्हती. त्या टेकड्यांत शेती कष्टाची, आणि फ्लॅटरॉक नदी व हॉ क्रीक हा ओढा यांच्यामधल्या सपाटीत माती अशी कसदार की पहिल्या वसाहतवाल्यांची नजर आधी तिच्यावरच गेली. तेथे वाढणाऱ्या काटेरी हॉथॉर्नच्या झाडांवरून त्या पट्ट्याला 'हॉ पॅच' हे नाव पडले.

ही जमीन रिकामी नव्हती. ती डेलावेअर, म्हणजे स्वतःला लेनापे म्हणवणाऱ्या मूळ रहिवासी लोकांची होती. १८१८ च्या ऑक्टोबरात ओहायोतील सेंट मेरीज येथे झालेल्या तहाने त्यांच्याकडून मध्य इंडियानाचा मोठा प्रदेश घेण्यात आला आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे निघून जाण्यासाठी तीन वर्षांची मुदत देण्यात आली. ती मुदत संपायच्या आतच, १८२१ साली, येथे काउंटी आखली गेली आणि तिचे मुख्य ठिकाणही ठरले. येथील स्थापनेच्या कथा सांगताना लोक लाकडी खोपटे बांधणाऱ्या पहिल्या कुटुंबांपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात तीन वर्षे उशिराची वाटते.

काउंटीला जोसेफ बार्थोलोम्यू या सेनाधिकाऱ्याचे नाव मिळाले. तो १८११ साली अमेरिकी सैन्य आणि मूळ रहिवासी यांच्यात झालेल्या टिपेकनूच्या लढाईत जखमी झाला होता. त्याच लढाईतला दुसरा एक अधिकारी जॉन टिप्टन याची येथे नदीकाठच्या उंचवट्यावर जमीन होती, आणि नव्या गावाला आधी त्याच्याच नावावरून 'टिप्टोना' म्हटले गेले. पण २० मार्च १८२१ रोजी काउंटीच्या कमिशनरांनी ते बदलून 'कोलंबस' केले. टिप्टन चिडला, गाव सोडून गेला आणि पुढे रस्ता काढण्याचे काम हाती आल्यावर त्याने तो मुद्दाम कोलंबसला वळसा घालून नेला, असे येथे अजून चवीने सांगितले जाते. रस्त्याचे हे किती खरे, हे देव जाणे, पण गावकीचे राजकारण जगात कोठेही सारखेच असते हे मात्र त्यावरून पटते. एवढे नक्की की हा टिप्टन पुढे अमेरिकेच्या सिनेटवर गेला, १८३८ साली पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात इंडियानाबाहेर हाकलण्याचे काम त्यानेच केले, आणि उत्तरेकडे टिप्टन नावाची एक काउंटी व त्याच नावाचे तिचे मुख्य गावही त्याला अखेर मिळाले.

आता काउंटी म्हणजे काय, ते सांगते. इंडियानात अशा ९२ काउंट्या आहेत. आमच्या काउंटीची वस्ती २०२० च्या जनगणनेत ८२ हजारांच्या आसपास होती आणि त्यांपैकी सुमारे ५० हजार माणसे कोलंबसमध्येच राहतात, म्हणजे लोकसंख्येने ही आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. पण अधिकार पाहाल तर तहसील कचेरी, दुय्यम निबंधक, जिल्हा न्यायालय आणि पोलीस ठाणे हे सारे एका चौकाभोवती गोळा केल्यासारखे वाटेल. जमिनीचे दस्त, विवाहाचे परवाने, मालमत्तेची करआकारणी, खटले आणि तुरुंग सर्व येथेच. आणि बाबांना हसू येईल अशी गोष्ट म्हणजे यांतले बहुतेक अधिकारी निवडून येतात. शेरीफ तर येतोच, पण जमीन मोजणारा सर्व्हेअर आणि मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा कॉरोनरसुद्धा मते मागतो. शेतकऱ्याला घोड्यावरून कचेरीत येऊन, काम आटोपून, दिवस मावळायच्या आत घरी पोचता यावे इतपतच काउंटी मोठी असावी, असा त्या काळचा हिशेब सांगतात, आणि नकाशावरची त्यांची दाटी पाहिली की तो खरा वाटतो.

आमच्या घराचा दस्त नोंदवायला मी काउंटीच्या कार्यालयात गेले होते तेव्हा त्या कागदावर प्लॉटच्या क्रमांकाबरोबर सेक्शन, टाउनशिप आणि रेंज असे तीन आकडे पाहिले. चौकशी केल्यावर कळले की जमीन विकायला काढण्यापूर्वी सरकारने साऱ्या प्रदेशावर मोजणीची जाळी टाकली होती. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, आणि प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. नदी कोठून वाहते, टेकडी कोठे आहे, याची त्या जाळीला फिकीर नाही. आजही गावाबाहेरच्या रस्त्यांना '२०० साउथ', '३०० वेस्ट' अशी नावे आहेत आणि शंभराला एक मैल असा हिशेब असल्यामुळे पाटी वाचली की आपण काउंटीच्या आधाररेषेपासून किती मैलांवर आहोत हे कळते. आपल्याकडे बांध नदी-ओढ्याप्रमाणे आणि भाऊबंदकीप्रमाणे वळतात. येथे विमानातून पाहिले तर मक्याची आणि सोयाबीनची शेते काटकोनात कापलेली दिसतात.

या जाळीच्या मधोमध, गावाच्या जुन्या चौकात, कोर्टाची इमारत आहे. विटांची, चुनखडीच्या दगडाने मढवलेली, घड्याळाच्या उंच मनोऱ्याची ही वास्तू आयझॅक हॉजसन याने रचली आणि ती १८७४ साली उभी राहिली. तिच्या आवारात युद्धांत पडलेल्या काउंटीतील सैनिकांचे स्मारक आहे, चाळीस फूट उंचीचे २५ दगडी खांब, पाच ओळींत पाच-पाच. त्यांच्यामधून चालताना दगडात कोरलेली नावे वाचावीत अशी अपेक्षा असते, पण माझे पाऊल अडले ते सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांपाशी. ती पत्रे शब्दशः खांबांवर कोरली आहेत, आणि त्यांत पराक्रमाच्या गोष्टींपेक्षा घरच्यांची विचारपूसच जास्त आहे.

कचेरी आली म्हणून बाजार आला. खटल्यासाठी, कर भरायला, दस्त करायला येणारा शेतकरी त्याच फेरीत मीठ, कापड आणि खिळे घेऊन जाई. १८४४ साली ओहायोकाठच्या मॅडिसनहून निघालेली इंडियानाची पहिली रेल्वे येथपर्यंत पोचली आणि धान्य बाहेर जाऊ लागले. पिठाच्या गिरण्या, कातडी कमावण्याचे कारखाने, आणि 'सीरिआलाइन' नावाचे मक्याचे पोहे करणारी एक गिरणीही येथे निघाली. याच बाजारात जोसेफ अर्विन याचे कापडाचे दुकान होते. दुकानात तिजोरी होती, म्हणून शेतकरी आपले पैसे त्याच्याकडे सांभाळायला ठेवत, आणि त्यातूनच १८७१ साली त्याची बँक निघाली. बाबा, तुमच्या कंपनीची कुंडली मांडायची तर ती या तिजोरीपासून मांडावी लागेल.

जोसेफचा मुलगा विल्यम याने मोटार घेतली आणि ती चालवायला व दुरुस्त करायला क्लेसी कमिन्स या फारसे न शिकलेल्या, पण हाताने विलक्षण तरबेज असलेल्या तरुणाला ठेवले. १९१९ साली दोघांनी मिळून कमिन्स इंजिन कंपनी काढली आणि सुरुवातीचे काम त्या मक्याच्या पोह्यांच्या जुन्या इमारतीत केले. १९२९ च्या नाताळात क्लेसीने डिझेल इंजिन बसवलेल्या पॅकार्ड गाडीतून मालकाला फिरवून आणले, पुढे १९३१ साली त्यांची डिझेल गाडी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत एकदाही न थांबता धावली, हे तुम्हाला पाठच आहे. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. या कंपनीला पहिला नफा १९३७ साली झाला. अठरा वर्षे एक बँकवाले घराणे तोट्याच्या इंजिनावर पैसे घालत राहिले, आणि ते पैसे कचेरीच्या गावातल्या बाजाराने उभे केलेले होते. एखाद्या मोठ्या शहरातल्या सावकाराने हा धंदा तिसऱ्या वर्षीच बंद केला असता.

त्या घराण्याचा पुढचा वारस जे. अर्विन मिलर. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली आणि गावाला भराभर शाळा बांधाव्या लागल्या, तेव्हा स्वस्त आणि साचेबंद बांधकामे होऊ नयेत म्हणून त्याने एक तोडगा काढला. सार्वजनिक इमारतीसाठी नामवंत वास्तुरचनाकारांच्या यादीतून कोणाची निवड केली तर त्याचे मानधन कमिन्सचे प्रतिष्ठान देईल, बांधकामाचा खर्च मात्र गावाने करायचा. हॅरी वीस याने रचलेली, १९५७ साली पुरी झालेली प्राथमिक शाळा ही या योजनेतली पहिली. नंतर अग्निशमन केंद्रे, टपाल कचेरी, आय. एम. पेई यांचे ग्रंथालय आणि त्याच्यासमोर शिल्पकार हेन्री मूरची काशाची प्रचंड कमान, अशी रांगच लागली. एवढ्याशा गावातल्या सात वास्तूंना पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंचा दर्जा मिळाला, तेही त्या पन्नाशी-साठीच्या आतल्या असताना.

मला त्या सर्वांत १९५४ सालची बँक आवडते, जी वास्तुरचनाकार एरो सारिनेन याने या घराण्यासाठीच बांधली. बँक म्हणजे दगडी खांब, जाड भिंती आणि रोखपालाभोवती गज, ही त्या काळची समजूत. सारिनेनने चारी बाजूंनी काच लावली, छत बुटके ठेवले आणि गज काढूनच टाकले, म्हणजे चिखलाच्या बुटांनी आलेल्या शेतकऱ्याला आत शिरताना संकोच वाटू नये. एवढी मोकळी वास्तू बांधणारी ती बँक २००९ साली बुडाली. इमारत पुढे कंपनीच्या बैठकांसाठी वापरली गेली. जिच्या पैशावर कंपनी जगली त्या बँकेच्या इमारतीत पुढे कंपनीच्याच सभा भरल्या, हे मला मुख्यालयाच्या भव्य इमारतीपेक्षा जास्त बोलके वाटते.

सारेच येथे छान आहे असे नाही. नद्यांच्या काठी गाव वसवण्याची किंमत ते अधूनमधून भरत आले आहे. ७ जून २००८ रोजी एका रात्रीच्या पावसाने हॉ क्रीक, एरवी उडी मारून ओलांडावा वाटेल असा ओढा, असा फुगला की गावातील रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरले, रुग्णांना त्याच संध्याकाळी हलवावे लागले आणि ते रुग्णालय पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. नदीकाठच्या सखल भागात आता घरांऐवजी मिल रेस उद्यान आहे, जे दर वसंतात थोडेफार बुडते आणि पुन्हा वर येते. हा मला जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो.

आई, येथे आल्यावर तुला एकटे वाटेल याची काळजी करू नकोस. कंपनीमुळे येथे मराठी घरे बरीच आहेत आणि कर्वेनगरच्या कमिन्स महाविद्यालयातून शिकून आलेल्या मुलीही भेटतात. तुम्ही ऑक्टोबरमध्येच यावे असे मला वाटते, कारण त्या वेळी ब्राउन काउंटीच्या टेकड्यांवरची झाडे लाल-पिवळी होतात, मक्याची कापणी चालू असते आणि थंडी बाबांच्या गुडघ्यांना सोसवेल इतपतच असते. विमान इंडियानापोलिसपर्यंतच काढा. तेथून तासाभरात गाडीने घरी. बाबांनी येताना कारखान्यातले त्यांचे जुने ओळखपत्र आणि साठीच्या दशकातले ते इंजिनाजवळचे छायाचित्र बरोबर आणावे. येथील काही निवृत्त कामगारांना मी त्याबद्दल सांगितले आहे आणि ते कोणत्या मालिकेचे इंजिन आहे यावर त्यांच्यात आत्ताच वाद सुरू झाला आहे.

तब्येतीस जपावे. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जाव्यात आणि तपासणीचा अहवाल आला की लगेच कळवावे.

तुमची लेक