हिरव्या ठिपक्याला घाईने नाव न देण्याबद्दल

इंदूर

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

इंडस-२ या इथल्या सिंक्रोट्रॉनच्या बीमलाइनवरून, म्हणजे क्ष-किरणांच्या झोतावरून, प्रथिनांच्या स्फटिकांचा डेटा घेऊन आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी एकच विचारता, "रिझोल्यूशन किती, आणि ते ठरवलंत कशावरून?" रिझोल्यूशन म्हणजे किती बारीक तपशील दिसतो ते, अँगस्ट्रॉममध्ये; आकडा लहान तितका तपशील जास्त. या प्रश्नासाठीच हे आभाराचं पत्र. उघडपणे लिहितोय, म्हणजे इंदुरात हे काम नव्याने हाती घेणाऱ्या मुलांनाही उपयोग होईल.

शेवटच्या शेलमध्ये, म्हणजे सर्वांत बारीक तपशील देणाऱ्या परावर्तनांच्या (स्फटिकाने विखुरलेल्या क्ष-किरणांच्या डागांच्या) गटात, सिग्नल-नॉइज २ च्या खाली गेला की डेटा कापायचा, ही जुनी सवय तुम्ही मोडलीत. सीसी-हाफ, म्हणजे डेटाच्या दोन अर्ध्या भागांतला मेळ, ०.३ च्या आसपास असेल तर त्या परावर्तनांत अजून माहिती असते. शंका आली तर तेच मॉडेल, म्हणजे अणूंची मांडणी, दोन्ही मर्यादांवर रिफाइन करायचं (डेटाशी जुळवून सुधारायचं) आणि आर-फ्रीची (बाजूला ठेवलेल्या परावर्तनांशी मॉडेल किती चुकतं, त्या आकड्याची) तुलना मात्र जुन्या मर्यादेपर्यंतच्या परावर्तनांवर करायची. ३ वरून २ अँगस्ट्रॉमवर आलं की परावर्तनं जवळपास ३.४ पट होतात, म्हणून एवढा आग्रह.

३ अँगस्ट्रॉमला मॅपमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात, प्रथिनाचा कणा सापडतो, बाजूच्या साखळ्यांचे नुसते फुगवटे. २ ला कार्बोनिलचा ऑक्सिजन ठसठशीत उठतो, पाणी बसवता येतं. फिनाइलअलानिनच्या कड्यातलं भोक बघायला १.५ च्या आसपास जावं लागतं. पण २ ला सुद्धा ॲस्परॅजिनच्या टोकाचा नायट्रोजन कुठला नि ऑक्सिजन कुठला, हे मॅप सांगत नाही. त्यांचे इलेक्ट्रॉन ७ आणि ८, म्हणजे जवळजवळ सारखेच. तिथे शेजारचे हायड्रोजन बंध बघूनच बाजू ठरवायची. पाणी आणि सोडियम आयनाचंही तसंच, दोघांचे इलेक्ट्रॉन १०. शेजारचे ऑक्सिजन २.४ अँगस्ट्रॉमवर असतील तर सोडियमचा विचार करायचा, २.८ च्या आसपास असतील तर पाणीच.

सगळ्यात मोठे आभार लिगंडच्या, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या छोट्या रेणूच्या, बाबतीत. फरकाच्या मॅपमध्ये (डेटात आहे पण मॉडेलमध्ये नाही, ते त्यात हिरवं दिसतं) ३ सिग्माला (मॅप कुठल्या पातळीवर कापून बघायचा, तो आकडा) प्रथिनाच्या खाचेत हिरवा ठिपका दिसला की हात शिवशिवतात. लिगंड बसवून रिफाइन केलं की नेहमीच्या मॅपची निळी जाळी त्याला लपेटते आणि वाटतं, जमलं! पण मॅप काढायला लागणारे फेज (लहरींची अवस्था, जी डेटात मोजली जात नाही) मॉडेलमधूनच येतात. जे घातलं त्याचाच थोडा पडसाद मॅप परत देतो. म्हणून लिगंड काढायचा, त्या जागी घुसवलेलं पाणीही काढायचं, अणू थोडे हलवून पुन्हा रिफाइन करायचं आणि मग बघायचं. तेव्हा तिथे तीन कार्बनांची चंद्रकोर उरली, तर गोठवण्यापूर्वी स्फटिक ज्या २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये बुडवला ते आठवायचं, त्यालाही तीनच कार्बन. सिग्मा ०.६ पर्यंत उतरवून लिगंडची शेपटी "दाखवणं" तुम्ही कधीच चालवून घेतलं नाहीत. भोवतालच्या अणूंचा बी-फॅक्टर (अणू जागेवर किती हलतो, पसरतो त्याचा आकडा) ३० आणि लिगंडचा ९० असेल, तर तो तिथे पूर्ण भरलेला नाही किंवा मुळात नाहीच, हेही तुम्हीच दाखवलंत.

तुमचा नियम आता आमच्याही टेबलावर आहे. आकृतीखाली मॅपचा प्रकार, सिग्मा आणि रिझोल्यूशन लिहिलेलं नसेल, तर आकृती परत.

आपले,
इंदुरातले स्फटिकशास्त्राचे अभ्यासक