वीस टक्के घरांचा हिशेब जाहीर करा

महोदय,

शहरांच्या विकासात खासगी क्षेत्राचा वाटा काय असावा, हा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, निधीपाशी येऊन थांबते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यातून एखाद्या चौकाचे सुशोभीकरण होते, एखाद्या शाळेला संगणक मिळतात. हे व्हायलाच हवे. मात्र शहरात राहणे कोणाला परवडणार आणि कोणाला नाही, हे ठरते ते बांधकामाच्या नकाशाला मंजुरी मिळते त्या टेबलावर. आणि तिथे खासगी विकासकावर कायद्यानेच टाकलेल्या एका जबाबदारीकडे आपण सारे दुर्लक्ष करत आहोत, असे मला वाटते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्य शासनाने सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद केली. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रांत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभा राहणार असेल, तर मूळ चटईक्षेत्राच्या (भूखंडावर जितके बांधकाम करण्याची मुभा असते त्याच्या) किमान २० टक्के इतकी घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी बांधायची आणि ती म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेमार्फत सोडतीने द्यायची, असा तिचा गाभा आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही तरतूद कायम आहे. या घरांचे बांधकाम चटईक्षेत्रात मोजले जात नाही, म्हणजे विकासकाच्या विक्रीयोग्य बांधकामाला कात्री लागत नाही. या घरांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला येण्याची परवानगी, मिळेपर्यंत उरलेल्या प्रकल्पाला ते देऊ नये, हेही नियमात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे हा विकासकांवर अन्याय आहे, असे म्हणायला फारशी जागा नाही. शहराने त्यांना परवानगी देताना घातलेली ती अट आहे.

प्रत्यक्षात काय होते? नाशिकमधील विकासकांनी ही घरे म्हाडाकडे सोपवलीच नाहीत, हा प्रश्न २०२२ मध्ये थेट विधिमंडळात गाजला. एकाच जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ४००० चौरस मीटरच्या आत बसवायचा आणि अट टाळायची, असे आरोपही होत आले आहेत. आरोप खरे की खोटे, हे सामान्य नागरिकाला पडताळून पाहता येत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. माझ्या घराजवळ एका मोठ्या प्रकल्पाचे काम गेली काही वर्षे चालू आहे. विक्रीच्या इमारतींत लोक राहायला आले, क्लब हाउस सुरू झाले, संध्याकाळी बागेत मुले खेळू लागली. ज्या इमारतीला तिथले रखवालदारही ‘म्हाडाची बिल्डिंग’ म्हणतात, ती मात्र मागच्या बाजूला, नाल्याच्या भिंतीला लागून, चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर थांबलेली आहे. तिला फाटकही वेगळे आहे. ती केव्हा पूर्ण होणार आणि तिच्यात किती घरे आहेत, हे विक्री कार्यालयात विचारले तर उत्तर मिळत नाही. महापालिकेत चौकशी केली तर म्हाडाकडे बोट दाखवले जाते.

खासगी क्षेत्राला शहर नीट घडवता येत नाही, असे मी म्हणणार नाही. मी राहतो त्या हडपसरमध्येच मगरपट्टा सिटी आहे. सुमारे ४०० एकर जमीन विकून मोकळे होण्याऐवजी तिथल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी ती एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भागधारक झाले. आयटी कंपन्यांची कार्यालये, घरे, शाळा, रुग्णालय आणि बाग एकाच आराखड्यात बसवण्यात आली, ओला कचरा आवारातच जिरवण्याची आणि सौरऊर्जेवर पाणी तापवण्याची व्यवस्था झाली. शहर वाढले की शेतकऱ्याची जमीन जाते आणि हातात आलेला पैसा काही वर्षांत संपतो, हे पुण्याच्या चारही बाजूंना पाहिलेल्या माणसाला या प्रयोगाचे मोल कळते. मला त्याचा अभिमान वाटतो. तरीही अशा वसाहतींमध्ये धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या आणि सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या माणसांनी राहायचे कुठे, याचे उत्तर शेतकऱ्यांच्या भागीदारीतून मिळत नाही. ते २० टक्क्यांच्या तरतुदीतूनच मिळू शकते. ही माणसे कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिली, तर रस्त्यावरच्या तितक्या दुचाक्या कमी होतील आणि पीएमपी या शहर बससेवेच्या गाड्यांवरील ताणही हलका होईल. पर्यावरणपूरक शहर म्हणतात त्यात हेही येते. छतावर सौरपट्ट्या लावल्या की ते काम संपत नाही.

विकासकांचीही एक बाजू आहे आणि ती रास्त आहे. घरे तयार असूनही लाभार्थी ठरायला विलंब झाला तर त्यांचा पैसा अडकतो. पुढे या इमारतीच्या देखभालीचा खर्च कोणी उचलायचा, यावरून सोसायट्यांमध्ये वाद होतात, आणि त्यात म्हाडाने आधीच नियम घालून दिलेले नसले की दोन्ही बाजूंचे रहिवासी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. लाभार्थ्यांचे हालही कमी नाहीत. सोडतीत नाव लागले तरी पगाराची पावती नसलेल्या घरकामगार बाईला बँक गृहकर्ज देताना हात आखडता घेते, आणि मुदतीत पैसे भरता आले नाहीत तर लागलेले घर हातचे जाते. गृहकर्ज देणाऱ्या खासगी बँका आणि वित्तसंस्था यांनाही शहर सर्वसमावेशक करण्यात वाटा उचलायचा असेल, तर तो इथे उचलता येईल.

माझी सूचना साधी आहे. मोठ्या गृहप्रकल्पांची नोंदणी आता महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे होतेच, आणि प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याच पानावर या प्रकल्पाला २० टक्क्यांची अट लागू आहे का, नसेल तर कोणत्या कारणाने, असेल तर घरे किती, कोणत्या इमारतीत, बांधकाम कुठवर आले आणि म्हाडाला ती कधी कळवली, एवढे नोंदवणे बंधनकारक करावे. नियमानुसार ही घरे त्याच प्रभागात किंवा एक किलोमीटरच्या आत दुसऱ्या भूखंडावरही बांधता येतात. तसे केले असेल तर तो भूखंड कोणता, हेही तिथे दिसावे. मंजुरीच्या अर्जासोबत जमिनीचा मूळ गट क्रमांक आणि अलीकडच्या काळात झालेल्या पोटविभागण्या जोडायला लावल्या, तर तुकडे पाडण्याच्या आरोपांतील तथ्य बाहेर येईल आणि प्रामाणिक विकासकावरचा संशयही दूर होईल. यासाठी नवा कायदा किंवा वेगळा निधी लागत नाही. आपल्या वृत्तपत्राने पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक आणि नागपूर या महापालिकांकडून २०१३ पासूनच्या अशा प्रकल्पांची प्रभागनिहाय यादी मागवून ती प्रसिद्ध करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे