सुन्या, काकांची व्हीटेक भंगारात देऊ नकोस

प्रिय सुन्या,

परवा तुझा मेसेज वाचला. काकांची होंडा सिटी गाडी काढायची ठरलीय, बंगल्याच्या आवारात नुसती उभी आहे, जागा अडलीय, भंगारवाल्याला बोलवू का म्हणून तुझ्या पुतण्याने ग्रुपवर विचारलं आणि तू तिकडे स्टुटगार्टमधून अंगठा पाठवून मोकळा झालास. फोन केला तर तू 'अरे बघू रे' म्हणून विषय बदलणार हे मला पक्कं माहितीय, म्हणून पत्र लिहितोय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच आणि मगच घरी फोन लाव.

पहिली गोष्ट म्हणजे ती नुसती 'जुनी सिटी' नाहीये लेका, ती व्हीटेक आहे. 2001 ची. पुतण्याला हा फरक कळणार नाही, त्याचा जन्म पण झाला नव्हता तेव्हा, पण त्याला बसवून कुणीतरी सांगायला पाहिजे. होंडाने सिटी आपल्याकडे 1998 ला आणली, 1.3 आणि 1.5 अशा दोन इंजिनांत, आणि त्यातली 1.5 सुद्धा 100 हॉर्सपॉवरची होती. आणि हे कुठल्या काळात, तर गल्लीतल्या मारुती 800 ला जेमतेम 37 हॉर्सपॉवर असायची आणि तिच्यातनं पाच माणसं आणि टपावर बॅगा घेऊन लोक महाबळेश्वर चढायचे. मग 2000 ला व्हीटेक आली. दीड लिटरचंच इंजिन, पण 106 हॉर्सपॉवर आणि तीही टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, तो नाही काही नाही, निव्वळ इंजिन फिरवून. सगळी गाडी वजनाला टनभर. शून्य ते शंभर दहा सेकंदांच्या आसपास, आणि हे एका घरगुती गाडीत, जिच्या डिकीत आजीची व्हीलचेअर मावायची.

व्हीटेक म्हणजे काय हे त्याला समजावताना उगाच मोठं करू नकोस, सोपं आहे. कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन तऱ्हेचे उंचवटे असतात, एक रोजच्या शांत चालवण्यासाठी आणि दुसरा त्याहून मोठा. इंजिन वरच्या आरपीएमला गेलं की ऑइलच्या प्रेशरने रॉकरमधली, म्हणजे उंचवट्याने हलून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांमधली, एक पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि मग व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर चालायला लागतात, म्हणजे जास्त उघडतात आणि जास्त वेळ उघडे राहतात. बास. पण त्या क्षणाला जो आवाज बदलतो ना, तो कागदावर नाही समजवता येत.

तो मी पहिल्यांदा ऐकला खंबाटकीत. कॉलेजचे दिवस, शनिवारचं पुण्याहून साताऱ्याला चाललो होतो, काका कसल्याशा कॉन्फरन्ससाठी पुण्यात आले होते आणि आपल्या दोघांना घेऊन परत निघाले होते. घाटाआधीच्या खंडाळ्याला चहाला थांबलो तेव्हा काकांनी किल्ली माझ्याकडे दिली, तुझ्याकडे नाही, तू तेवढ्यावरून सुरूरपर्यंत तोंड पाडून बसला होतास. उसाचा सीझन, घाटात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर एकामागे एक रांगत होते. मी चौथ्यात होतो, गाडी दबायला लागली, मी आपला अॅक्सिलरेटर दाबतोय आणि काही होत नाही. मागनं काका शांतपणे म्हणाले, "खालचा टाक रे, तिला रडवू नकोस." तिसरा टाकला, मग दुसरा, काटा वर गेला आणि पाच हजाराच्या पुढं कुठंतरी तो आवाज घोगऱ्याचा एकदम खणखणीत झाला, गाडीने मान वर केली आणि ट्रॅक्टर मागं पडले. काका पुढे काही बोलले नाहीत, आरशात बघितलं तर हसत होते. रात्री-अपरात्री कोरेगाव, वाई, मेढ्याला व्हिजिटला जाणारा माणूस, त्याने ही गाडी काय नुसती लेदर सीट आणि एसीसाठी घेतली नव्हती सुन्या. त्यांना त्या इंजिनात काय आहे ते कळत होतं.

आणि ती बसायची पद्धत आठव. सीट खाली, डॅशबोर्ड त्याहून खाली, काचा एवढ्या मोठ्या की बोनेटचं टोक दिसायचं, चारी कोपरे कुठं आहेत ते कळायचं. गिअर टाकायला मनगट हललं की झालं. आताच्या गाड्यांत आपण वर बसतो, खांब मांडीएवढे जाड, मागचं बघायला कॅमेरा लागतो. सेफ्टीसाठी ते बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, एअरबॅगा पाहिजेतच. पण गाडी अंगावर घातल्यासारखी वाटणं जे होतं ते मला नंतर कुठं मिळालं नाही.

त्या काळात आपल्याला काय काय बघायला मिळालं याची मी परवा रात्री मनातल्या मनात उजळणी करत होतो. पॅलिओ! आपल्या वर्गातल्या सांगलीवाल्याची ती पॅलिओ 1.6 जीटीएक्स. फियाटने 2001 ला आणली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, म्हणजे मुंबईची पोरगी, आणि जाहिरातीला साक्षात सचिन. त्याच्या नावाची एस-टेन म्हणून स्पेशल एडिशन पण काढली होती. एवढ्याशा गाडीत 1596 सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, 100 हॉर्सपॉवर. तेव्हा दुसऱ्या कुठल्याही हॅचबॅकमध्ये असलं काही मिळत नव्हतं. दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. कात्रजच्या जुन्या घाटात ती वळणावर जशी रस्त्याला चिकटायची तशी सिटी पण नाही चिकटायची, हे मी काकांच्या गाडीचा भक्त असूनसुद्धा मान्य करतो. सरळ रस्त्याला सिटी, वळणाला पॅलिओ, हा वाद आपण मेसमध्ये किती रात्री घातलाय. पेट्रोल मात्र ती पाण्यासारखं प्यायची, शहरात आठ-नऊचं ॲव्हरेज, आणि तिथंच तिचं नशीब ठरलं.

आयकॉन 1.6 पण विसरू नकोस, फोर्डची, 1999 च्या शेवटी आलेली, 'जोश मशीन' म्हणून जिची जाहिरात लागायची. तिला सिटीसारखं वर नेऊन पिळावं लागायचं नाही, खालीच एवढा दम की तिसऱ्यात गावभर फिरा. लान्सर दिसायला सगळ्यात देखणी, पण 1.5 पेट्रोलला 87 च हॉर्सपॉवर होती, खरी जादू होती ती टॉमी मॅकिनेनची, त्याने 1996 ते 1999 सलग चार वर्षं रॅलीची वर्ल्ड चॅम्पियनशिप लान्सर इव्होमध्ये जिंकली आणि आपण इथल्या साध्या लान्सरकडे पण त्याच नजरेने बघायचो. बलेनो, ॲस्ट्रा, सगळ्या चांगल्याच होत्या, पण माझा जीव त्यांच्यात कधी गेला नाही.

आणि स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस. ती वेगळीच. 2004 ला आली, 1.8 टर्बो, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 हॉर्सपॉवर. स्कोडाचा प्लांट तेव्हाच्या औरंगाबादला, शेंद्र्याला, म्हणजे परत आपल्याच मातीतली. एक्स्प्रेसवे नुकताच 2002 ला पूर्ण झालेला, काँक्रीटचा, सहा लेनचा, अख्ख्या देशात तसा दुसरा नव्हता, आणि आपण खालापूरच्या फूड मॉलला वडापाव खात उभं राहून नुसते निघणाऱ्या गाड्या बघायचो. तिथनं एकदा ती पिवळी आरएस बाहेर पडली आणि टर्बोची ती शिट्टी ऐकून तू हातातला वडापाव विसरलास. मला वाटतं तू ऑटोमोबाइलला मास्टर्स करायचं त्या दिवशी ठरवलंस, तू कबूल कर किंवा नको करूस.

मग हे सगळं संपलं कसं, यावर मी बराच विचार केलाय. लोक म्हणतात आपल्याकडे फक्त ॲव्हरेज बघतात म्हणून. अर्धं खरं आहे. 2003 ला होंडानेच नवी सिटी आणली, 77 हॉर्सपॉवरची, सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग, ॲव्हरेजला जबरदस्त, आणि ती तुफान चालली. ज्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतो त्याने पेट्रोल वाचवलं तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण खरा घाव बसला तो 2006 च्या बजेटात. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर 1500 पर्यंत, तिला एक्साइज 24 टक्क्यांवरून 16. एका ओळीत विषय संपला. आता छोट्या गाडीत 1.6 चं पेट्रोल इंजिन घालायचं म्हणजे कंपनीने स्वतःहून गाडी महाग करायची, कोण करेल? स्विफ्टचंच बघ, 2005 ला 1.3 घेऊन आली, 87 हॉर्सपॉवरची, किती मजेदार होती ती, आणि 2010 ला नवे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा तिला 1.2 बसवलं. त्याच वर्षी पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे सोडले आणि सगळा देश डिझेलकडे पळाला. पॅलिओ जीटीएक्ससारखी गाडी परत न येण्याचं कारण आवड संपली हे नाही, हिशोबच तसा मांडला गेला.

तू म्हणशील आताच्या गाड्या जास्त पळतात. पळतात की! आय-ट्वेंटी एन लाइन एक लिटरच्या टर्बोवर 120 हॉर्सपॉवर काढते, चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय पण 1200 च्या आत राहून 105 द्यायची. इंजिनिअर लोकांनी त्याच नियमात बसून केलेलं काम आहे ते, मला त्याचा आदर आहे, आणि दोन्ही मी चालवल्यात. पण टर्बोचा सगळा जोर खालीच येतो, पाय ठेवला की धक्का, आणि वर गेलं की दम संपतो. व्हीटेकला तुम्ही मागितलं तरच ती द्यायची. गिअर कधी खाली टाकायचा, वळणाआधी की वळणात, काटा कुठं ठेवायचा, हे सगळं तुमच्या हातात. चालवणाऱ्याला काहीतरी यावं लागायचं, आणि ते यायला लागलं की जो आनंद व्हायचा तो मला आजपण खंबाटकी चढताना आठवतो, मग हाताखाली कुठलीही गाडी असो.

म्हणून सांगतोय, भंगारात नको देऊस. वापरून झिजलेली गाडी कापली तर एक वेळ समजू शकतो, पण ही काकांनी एकहाती चालवलीय, एकच मालक, आवारात शेडखाली उभी, बॉडीला गंज नाही. मागच्या महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा काकांना भेटायला म्हणून गेलो आणि बोनेट उघडून बघून आलो. डिकीवरचं ते व्हीटेकचं लाल अक्षर थोडं फिकं झालंय तेवढंच. काकांचे गुडघे गेलेत, ते आता चालवत नाहीत, पण मी बोनेट उघडल्यावर काठी टेकत बाहेर आले आणि शेजारी उभं राहून मला बेल्ट कधी बदलला, क्लच प्लेट कुठनं आणली, सगळं पाठ असल्यासारखं सांगत बसले. त्यांना कुणी विचारलंय का रे, विकायची का म्हणून? की तुम्ही ग्रुपवर परस्परच ठरवलंत?

कागदांचं अवघड नाही. महाराष्ट्रात 15 वर्षं झाली म्हणजे गाडी मेली असं नसतं, आरटीओला पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून पुढं पाच-पाच वर्षं वाढवून मिळतं. फी वाढलीय, पण तू युरोत कमावतोस, बोलू नकोस. गाडीचं काम मी करून घेतो. टायमिंग बेल्ट आधी, कारण तो उभ्या गाडीतपण जुना होतो आणि चालू करताना तुटला तर व्हॉल्व्ह वाकायची भीती, म्हणून कुणालाही हौसेनं स्टार्टर मारू देऊ नकोस, विशेषतः पुतण्याला. मग टाकी रिकामी करून धुवायची, पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं आणि ही रबरं त्या हिशोबाची नाहीत. चारी टायर, बॅटरी, ब्रेकचं ऑइल, रेडिएटरचे होज. साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळचा आपला जुना मेकॅनिक अजून गॅरेजवर येतो, मुलगा बघतो सगळं पण व्हीटेक म्हटल्यावर म्हातारा स्वतः हात घालतो म्हणाला, मी विचारून ठेवलंय. खर्च निम्मा-निम्मा. आणि तुमच्याकडे ठेवायला जागाच नसेल तर माझ्या पुण्याच्या सोसायटीत माझं दुसरं पार्किंग रिकामं आहे, तिथं राहील, नाव काकांचंच राहू दे.

आता तू एवढंच कर. आज रात्री घरी फोन लाव, पुतण्याशी नाही, काकांशी बोल. आणि आरसी बुकाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठवायला सांग, मुदत कधी संपलीय ते बघून सोमवारी साताऱ्याच्या आरटीओत जाऊन येतो.

तुझा,
पक्या