रुळांच्या वाटेवरचा चढ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अमेरिकेतल्या त्या 42 किलोमीटरच्या मॅरेथॉन रेसचा तू पाठवलेला चढउताराचा ग्राफ मोबाईलवर नीट दिसेना, म्हणून स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा प्रिंट काढून आणला आणि चष्मा लावून शांतपणे बघितला. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस की आबा टेन्शन घेऊ नका, जुन्या रेल्वेची वाट आहे, रेल्वे काय डोंगर चढत नाही, सपाटच असणार सगळं. मला तेव्हाच बोलायचं होतं पण तुझी मीटिंग सुरू होणार होती, म्हणून हे लिहितोय. मोठं होईल. सवडीनं वाच, पण रेसच्या आधी नक्की वाच.

ते सपाट नाहीये ताई.

तुला वाटतं तसं पुष्कळ लोकांना वाटतं आणि त्याला कारण पण आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, घासणं कमी, म्हणून एक इंजिन एवढे मोठे डबे सहज ओढून नेतं, पण तीच पकड कमी असल्यामुळं थोडा चढ आला की इंजिनाचा जीव निघतो. म्हणून लाइन टाकणारे इंजिनिअर टेकडी आली की कापतात, खोलगट आलं की भराव टाकतात, डोंगर आला की त्याला लांबून वळसा घालतात पण एकदम चढत नाहीत. आम्ही चढ टक्क्यांत नाही मोजत, 100ला 1, 200ला 1 असं मोजतो, म्हणजे शंभर मीटर चाललं की एक मीटर वर. लाइनच्या कडेला ते पांढरे खांब असतात ना तिरप्या पट्टीचे, आकडा लिहिलेला असतो, ते तेच. तू लहानपणी विचारायचीस हे काय लिहिलंय, आठवत असेल.

आता तुझ्या त्या मिकलसन ट्रेलच्या, म्हणजे तुझ्या रेसच्या वाटेच्या, माहितीत लिहिलंय की चढ 4 टक्क्यांच्या वर जात नाही. वाचायला किती सोपं वाटतं. पण 4 टक्के म्हणजे 25ला 1. आणि आपला कसारा घाट किती माहितीये, 37ला 1. मुंबईहून घरी येताना कसाऱ्याला गाडी थांबायची, मागून बँकर इंजिनं लागायची, धक्का बसला की तू उठून बसायचीस, तो घाट. म्हणजे जिथं रेल्वेला मागून इंजिनं लावावी लागतात त्याच्यापेक्षाही उभे तुकडे तुझ्या वाटेत असू शकतात. सगळीकडं नसणार, बराच भाग याच्यापेक्षा कमी चढाचा असेल, पण तुझ्या ग्राफमधे रॉचफर्डपासून, म्हणजे रेस सुरू होते तिथून, निघालं की निम्म्याच्या थोडं पुढंपर्यंत रेघ वरवरच जातेय, मधे खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. रस्त्यावरच्या चढाला शेवट दिसतो, माणूस दम धरून चढून जातो आणि पलीकडं उतार मिळतो. रेल्वेच्या चढाला शेवट दिसत नाही कारण तो दिसू नये असाच बांधलेला असतो, एकसारखा आणि लांबच लांब.

आणि डोळा फसतो, हे मी आयुष्यभर लाइनवर चालून सांगतोय. कटिंगमधे दोन्ही बाजूनी खडक, झाडं, आणि खालची वाट तुझ्यासोबतच तिरपी, मग सपाट कशाला म्हणायचं ते डोळ्याला कळत नाही. तुला वाटेल आज पाय का जड झाले, झोप झाली नाही का, खाल्लं कमी का, आणि तू वेग वाढवायला जाशील. तो वेग वाढवू नको. आम्ही काय करायचो, कडेच्या नालीत पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघायचो. तुझ्या वाटेला शेजारी ओढे आहेत, तू फोटो पाठवलेस त्यात दिसतात. पाणी तुझ्या समोरून येत असेल तर समज चढ आहे, मग घड्याळात काय पण दिसू दे.

तुझ्या वाटेवरची सगळ्यात उंच जागा डुमाँट, साधारण 1,900 मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकाच्या पण वर जाऊन तू पळणार आहेस. आपलं जळगाव काय आणि तुझं मिनियापोलिस काय, दोन्ही समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर, तुझं सगळं ट्रेनिंग तेवढ्यावर झालंय. डुमाँटला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाचव्या हिश्श्यानं कमी असतो, म्हणून तिथं धाप लवकर लागली तर घाबरायचं नाही आणि हट्ट पण करायचा नाही. चढ संपेपर्यंत शेजारच्याशी एक आख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे एवढाच वेग ठेव. वाक्य तुटायला लागलं की चाल. चालण्यात काही कमीपणा नाही. चार बाया पुढं गेल्या तर जाऊ दे.

खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते. डुमाँटपासून डेडवूडपर्यंत, म्हणजे रेस संपते तिथपर्यंत, उतार, पाचशे मीटरच्या आसपास खाली. सगळे खूश होतात उतार म्हटलं की. पण कुठल्याही लोको पायलटला विचार घाटात भीती कशाची वाटते, तो चढ नाही सांगणार, उतार सांगेल. भरलेली मालगाडी चढताना फार तर थांबेल, उतरताना ब्रेक हाताबाहेर गेला तर संपलं, म्हणून तर कसाऱ्याच्या घाटात कॅच सायडिंग, म्हणजे सुटलेली गाडी वळवून थांबवायच्या बाजूच्या लाइनी, ठेवलेत, ते चढणाऱ्या गाडीसाठी नाहीत, उतरणाऱ्या गाडीसाठी आहेत. तुझ्या मांडीच्या पुढच्या स्नायूंचं तेच होणार. उतारावर प्रत्येक पावलाला ते ब्रेक लावतात, ताणले जात असतानाच वजन धरतात, आणि त्याचा मार लगेच कळत नाही, शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला कळतो, आणि दुसऱ्या दिवशी तर जिना उतरता येत नाही. म्हणून चढ संपला की लगेच सुटू नकोस. पावलं छोटी ठेव, जरा भरभर टाक, टाच पुढं फेकून आपटू नको.

अजून महिनाभर आहे तर एक काम कर, उतारावर पळायची सवय लाव. मिनियापोलिसला घाट कुठून आणणार, पण नदीकाठाला चांगले उतार आहेत ना, मागं व्हिडिओ कॉलवर दाखवलेस ते. तिथं वर जाताना चालत जा आणि खाली पळत ये. एकदा पाय दुखतील, मग पुढच्या वेळी कमी दुखतील, आणि स्नायू ती सवय काही आठवडे धरून ठेवतात. पण शेवटच्या दोन आठवड्यांत नको, तेव्हा आराम.

वाट कशाची आहे ते पण वाचलं मी. चुन्याच्या दगडाची बारीक खडी दाबून बसवलेली. रुळाखालची गिट्टी असते तशी मोठी नाही हे बरं झालं, गिट्टीवर पळणं माणसाचं काम नाही, आणि रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर तर नाहीच, एकेका स्लीपरवर पाय टाकला तर पाऊल आखूड होतं आणि एक सोडून टाकला तर लांब होतं, माझी आख्खी नोकरी खांद्यावर हातोडा-पाना घेऊन त्याच्यावरच गेली म्हणून माहितीये. बारीक खडीवर पाय मागं थोडा सरकतो, डांबरापेक्षा जास्त मेहनत लागते, म्हणून डांबरावरचा टायमिंग इथं धरू नको. कडेला खडी सुटी असते, आणि पाणी निघून जावं म्हणून वाट मधे उंच आणि कडेला उतरती ठेवतात, एकाच कडेनं पळत राहिलीस तर एक पाय कायम वाकडा पडेल. मधून पळ, जिथं सायकली जाऊन जाऊन कडक झालंय तिथून.

तुझ्या त्या लाइनची हकिकत वाचून मला फार बरं वाटलं. 1890-91 मधे सोन्याच्या खाणींसाठी टाकलेली, 1983 मधे बंद पडली. मग ती जागा विकून न टाकता त्यांनी वाट केली, 1991 पासून तुकड्या-तुकड्यानं उघडत 1998 मधे 109 मैल पूर्ण केली, शंभराच्या वर पूल आणि चार बोगदे वापरात ठेवले. ज्या गव्हर्नरचं नाव दिलंय ते मिकलसन 1993 मधे विमान अपघातात गेले, त्यांनी पूर्ण झालेली वाट बघितलीच नाही. ताई, डोंगर कापून, भराव घालून जी वाट केली ती सव्वाशेच्या वर वर्षांपूर्वीच्या मजुरांनी घमेल्या-फावड्यानं आणि सुरुंगानं केलेली असणार, त्यांची नावं कुठं लिहिलेली नसतात. पळताना एखाद्या पुलावर जरा खाली बघ, दगडी बांधकाम असेल तर कसं बसवलंय ते. मला फोटो नको, तू बघ.

इथं लोक मला विचारतात की पीजेची पण अशी वाट करायला पाहिजे होती का. पाचोरा-जामनेर 56 किलोमीटर, अडीच फुटी नॅरोगेज, शंभर वर्षं चालली आणि 2020च्या लॉकडाऊनमधे थांबली ती थांबलीच. मी स्पष्ट सांगतो, नाही. तुझ्याकडं त्या लाइनीची गरज संपली, गाडी बंद पडली, म्हणून तिथं पळायची वाट झाली हे योग्य झालं. आपल्याकडं माणूस संपलेला नाहीये. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला जाणारे आहेत, पहूरचे शिकायला जाणारे पोरंपोरी आहेत, पाचोऱ्याला उतरून मुंबईची गाडी पकडणारे आहेत, हे सगळे आता एस्टीला नाहीतर वडापला लोंबकळतात. आता तिचं ब्रॉडगेज करायचं काम घेतलंय, पुढं बोदवडपर्यंत, 84 किलोमीटर. ते व्हावं, लवकर व्हावं, आणि पॅसेंजर गाडी सगळ्या छोट्या स्टेशनांवर थांबावी. ज्या लाइनीची गरज संपली तिची वाट करावी, जिची गरज आहे तिच्यावर गाडीच पाहिजे.

तुझ्या आईला 42 किलोमीटर म्हणजे किती ते कळत नव्हतं, मी सांगितलं की पाचोऱ्याहून पीजेच्या लाइननं पळत निघायचं आणि जामनेर यायला 14 किलोमीटर राहिले की थांबायचं. त्यावर ती बराच वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली तिथं हिला खायला काय देतील. केळी देतात म्हटलं तर तिला जरा धीर आला, केळी आपल्याकडचीच गोष्ट ना. रावेरची चव तिथं येणार नाही पण पोटाला चालतील. एक ऐक, रेसच्या दिवशी पोटात नवीन काही घालू नको, ते जेल का काय म्हणतेस ते पण आधीच्या लांब रनला घेऊन बघितलेलंच घे. आणि पाणी तहान लागायच्या आधी पी पण उगाच ढोसू नको, थंडीत तहान कळत नाही, जूनमधे तिथं सकाळी गारठा असतो म्हणतात. इथं आज 44 आहे, तुला कल्पना असेल.

अजून एक, एकटेपणाचं. तू मागं मुंबईची मॅरेथॉन बघितलीस, हजारो माणसं, ढोल, टाळ्या. डेडवूडची सगळी वस्ती बाराशेच्या आसपास, आपल्या शेंदुर्णीच्या एका गल्लीत तेवढे लोक निघतील, आणि रॉचफर्ड तर त्याच्यापेक्षा लहान. मधल्या जंगलात मैलभर तुझ्या पुढं कोणी नसेल आणि मागं पण नसेल. मी पावसाळ्यात रात्रीची गस्त केलीये, हातात बत्ती, सगळीकडं अंधार, नाल्याला पाणी आलंय का आणि भराव खचला का ते बघत चालायचं, सोबतीला कोणी नाही. त्यात मी एक शिकलो की आख्ख्या बीटचा, म्हणजे गस्तीच्या सगळ्या टप्प्याचा, विचार करायचा नाही, पुढचा खांब तेवढा बघायचा, तो आला की त्याच्या पुढचा. तिथं तुझ्या वाटेला मैलाचे खांब आहेत, तू म्हणालीस, तेच धर. आणि अठराव्या-विसाव्या मैलानंतर डोकं जे काही सांगेल, थांब, कशाला करतेस, कोण विचारतंय तुला, त्याला उत्तर द्यायला बसू नको. ते थकव्याचं बोलणं असतं, तुझं नसतं. पण गुडघ्यात किंवा छातीत काही वेगळं वाटलं, दुखणं टोचल्यासारखं एका जागी वाटलं, तर त्याच क्षणी थांबायचं आणि पाणी देणाऱ्या माणसाला सांगायचं, त्यात मला कुठलाच मोठेपणा नको. मेडल नाही आलं तरी घरात काही फरक पडणार नाही, तू धड आली पाहिजेस.

मला तुझा अभिमान वाटतो हे तुला फोनवर सांगता येत नाही म्हणून इथं लिहून टाकतो. शाळेत असताना तू लाइनच्या कडेनं माझा डबा घेऊन पळत यायचीस तेव्हा मी ओरडायचो, लाइनवर येऊ नको म्हणून. आता तू मोकळ्या लाइनवर पळ, गाडी येणार नाही.

तू सकाळी आठला निघणार म्हणजे आपल्याकडं रविवारी संध्याकाळचे साडेसात. आम्ही जागेच आहोत, कितीही वाजू दे. पोचल्यावर आधी कोरडे कपडे घाल, काहीतरी खा, थोडं चालत राहा, लगेच बसू नको, मग फोन कर. आईला पहिला कर, मी शेजारीच असेन.

तुझा,
आबा

ता. क. शूज नवे घेतले असशील तर रेसला ते घालू नको, जुने झालेले पण न झिजलेले घाल. आणि तो प्रिंट मी कपाटाच्या दाराला लावलाय, तू कुठल्या मैलाला काय वाटलं ते नंतर सांग, मला त्याच्यावर लिहून ठेवायचंय.