किडनीचा विषय इथेच संपव

सोन्या,

काल फोनवर तू परत मला तुझी किडनी द्यायचं काढलंस आणि मी विषय बदलला, म्हणून आता लिहितेय, तोंडी मला सुधरत नाही. परस्पर जाऊन क्रॉसमॅच वगैरे, म्हणजे तुझं-माझं रक्त जुळतं का ती तपासणी, करून येऊ नकोस. 1994 च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याप्रमाणे मुलगा आईला देऊ शकतो हे मलाही माहितीये रे. पण माझी किडनी बीपी-शुगरने गेलेली नाही, मायलोमाने, म्हणजे या बोनमॅरोच्या कॅन्सरने गेलीये. बोनमॅरोतल्या बिघडलेल्या पेशी नको ते प्रोटीन बनवत सुटतात, त्याच्या लाइट चेन्स, म्हणजे त्याचे छोटे तुकडे, किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतात आणि नळ्या तुंबतात. आजार उलटला तर तुझीही तशीच तुंबणार, आणि तो एकदा उलटलाय, ऐन तुझ्या लग्नाच्या धामधुमीत. म्हणून डॉक्टर म्हणतात आधी तो बराच काळ पूर्ण शांत राहू दे, मग बघू. मला तर तेव्हाही नकोय, पण ते जाऊदे.

तू बारावीत होतास तेव्हा हे निघालं, आज तुझी पोर शाळेत जाते. इतकी वर्षं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. बोर्टेझोमिबने, त्या कॅन्सरच्या औषधाने, पायाला मुंग्या आल्या त्या आल्याच, चप्पल निसटली तरी कळत नाही. डेक्साच्या, म्हणजे त्या स्टिरॉइडच्या, रात्री झोप नसायची, पहाटे तीनला मी डबे घासत बसायचे आणि बाबा वैतागायचे. आता मायलोमासाठी लेनालिडोमाइडची गोळी, तीही कमी डोसची, डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावरच घ्यायची. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर, त्याचं काही वाटत नाही आता, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकपेक्षा बरं, निदान पडून तरी राहता येतं. खरा छळ पाण्याचा, मोजूनच प्यायचं. मे महिन्यात बर्फाचा खडा चघळत दुपार काढायची, नारळपाणी पोटॅशियममुळे बंद, बटाटा आधी उकडून पाणी फेकायचं आणि मग भाजी, त्याला काय डोंबल चव राहणार.

पिल्लू माझ्या फिस्टुलाला, डायलिसिससाठी हातात शीर जोडलीये तिथे, कान लावून म्हणते आजीच्या हातात मिक्सर चालू आहे. त्या हातावर मी कोणाला बीपी घेऊ देत नाही, रक्तही काढू देत नाही, नवीन सिस्टर आली की आधी तेच सांगते.

गणपतीत या. पण तिला सर्दी-खोकला असेल तर दोन दिवस थांबून या हं, माझी इम्युनिटी यथातथाच, सूनबाईंना नीट समजावून सांग, नाहीतर रुसायच्या. सोम-बुध-शुक्र माझं डायलिसिस असतं, त्यामुळे मोदक मंगळवारी नाहीतर गुरुवारी.

आई