अक्षरे दाबू नका, नावे कमी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की गावभर फ्लेक्स चढू लागतात. त्यांवर हल्ली ‘यात्रा वन’ हा फॉन्ट पुष्कळ दिसतो, आणि बहुतेकदा चिरडलेलाच दिसतो. त्याविषयी हे पत्र.

मिरजेत माझा ट्रेडलचा, म्हणजे जुन्या छपाईयंत्राचा, छापखाना होता. कुस्तीची मैदाने, तमाशा, उरूस यांची गुलाबी-पिवळ्या कागदावरची हँडबिले छापण्यात हयात गेली. पैलवानाच्या नावाला लाकडी अक्षरे काढायची, बाकीचा मजकूर खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत, जुळवायचा. नाव लांबलचक निघाले तर धाकटा टाइप घेण्यावाचून गत्यंतर नसे. लाकूड काही दाबले जात नाही.

‘यात्रा वन’ कॅथरीन ली श्मिट यांनी केला, तो मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. जाडजूड, ब्रशचा फटकारा दाखवणारा, लांबून वाचता येणारा. मला त्यातली इंग्रजी अक्षरे विशेष आवडतात. आपल्या बोरूच्या टोकाचा काप इंग्रजी लेखणीच्या उलटा असतो, म्हणून अक्षरांतला जाड-बारीकपणाही उलट्या कोनात पडतो. दोन्ही लिप्या शेजारी बसवायच्या तर एरवी मुरड नागरीलाच घालतात. इथे रोमन अक्षरांनी निमूटपणे बोरूचा कोन धरला आहे!

आणि आमचे फ्लेक्सवाले? ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ एका ओळीत मावत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी दाबतात. काने काडीएवढे होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड. मग अक्षर उठून दिसत नाही म्हणून भोवती काळी कड, तिच्याबाहेर पांढरी. त्यात अक्षरांची पोटे, म्हणजे आतली मोकळी जागा, बुजली की ‘व’ कोणता अन् ‘ब’ कोणता कळत नाही. अध्यक्षांचा मोबाइल नंबरही त्याच टाइपात! अहो, हा मथळ्याचा टाइप आहे. काही दुकानांतल्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे संगणकावरची आजची अक्षरपद्धती, झेपत नाही. तिथे ‘मिरवणूक’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘म’च्या अलीकडे बसायची ती पलीकडे ‘र’ला चिकटते आणि तशीच चौकात टांगली जाते.

जाडच हवे असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ आहे. देवनागरी जास्तीत जास्त किती जाड करता येईल, या खटपटीतून तो निघाला. गणपतीला शोभतोही. पण त्याच्या पोटातल्या फटी इतक्या बारीक की तो मोठाच वापरायला हवा. दोन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, तेव्हा खर्चाची सबब नको.

आपल्या जाहिरात विभागालाही एक विनंती. उत्सवाच्या पानांवर हीच दाबादाबी चालते. जागा अपुरी पडली तर अक्षरे तशीच राहू द्यावीत आणि शुभेच्छुकांची चार नावे गाळायला सांगावे. मंडळे रागावतील; जाहिरात मात्र देतील.

आपला,
एक जुना छापखानेवाला, मिरज